उद्यापन नसलेले व्रत

मराठी घरांत व्रत ही गोष्ट इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे एक तात्त्विक विचार म्हणून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या प्रचंड ग्रंथाचा एक सबंध खंड व्रतांना दिला, आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना पाचव्या खंडात व्रते आणि उत्सव यांचा सविस्तर परामर्श घेतला. या परंपरेतील बहुतेक व्रतांचा आकार ठरलेला असतो. आधी संकल्प, मग ठरावीक काळ पाळायचा नेम आणि शेवटी उद्यापन, म्हणजे दान-भोजन घालून केलेली व्रताची सांगता. ज्या व्रतामागे संतती, आरोग्य, सौभाग्य अशा एखाद्या फळाची इच्छा असते त्याला काम्य व्रत म्हणतात, आणि लोकव्यवहारातला नवस हा त्याचाच सख्खा भाऊ होय. त्यात देवाशी करार असतो आणि करार पुरा झाला की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. वर्धा जिल्ह्यात 1930 नंतरच्या दोन-तीन दशकांत व्रताचा जो प्रयोग झाला, त्यात नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या होत्या, फळ आणि उद्यापन. उरला तो केवळ संकल्प आणि आयुष्यभर पुरणारा नेम. स्वतःच्या आचरणाची पातळी वाढवू पाहणाऱ्या माणसाला, ती पातळी आपल्याकडून कधीच पूर्णपणे गाठली जाणार नाही हे कळत असताना, टिकून राहायला काय लागते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी या प्रयोगाइतके चांगले साहित्य महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच सापडेल.

गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. विदर्भातल्या दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध शेगावशी पत्रांची गल्लत होऊ लागल्यामुळे 1940 मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. पण ज्या एकादश व्रतांवर सेवाग्रामचा दिनक्रम उभा राहिला, त्यांची मांडणी त्यापूर्वीच झाली होती. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत असत, आणि ती पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूप झाली. (स्वदेशीवरचे पत्र मात्र त्यांनी तुरुंगात लिहिले नाही, कारण त्या विषयाला न्याय द्यायचा तर राजकारणाला स्पर्श होणार आणि कैदी म्हणून पत्रलेखनावर असलेली मर्यादा मोडणार, व्रतावर लिहितानाही व्रत पाळण्याचा हा छोटासा नमुना आहे.) अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणे, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह म्हणजे गरजेबाहेरचा साठा न करणे, ही पाच व्रते पतंजलीच्या योगसूत्रांतील यमांमधून आली, आणि त्यांना शरीरश्रम, अस्वाद म्हणजे जिभेच्या चवीवर ताबा, निर्भयता, सर्वधर्मसमभाव, स्वदेशी आणि अस्पृश्यतानिवारण ही सहा जोडली गेली. पतंजलीने यमांना महाव्रत म्हणताना एक अट घातली आहे: जात, देश, काळ आणि प्रसंग यांची सवलत न घेता जे पाळले जाते तेच महाव्रत. या अटीकडे पाहिले की लक्षात येते की महाव्रताला उद्यापन असूच शकत नाही, कारण ज्याला काळाची मर्यादा नाही त्याची सांगता कोणत्या तिथीला करणार?

इथे कोणीही व्यवहारी माणूस विचारील की मग ‘शक्य तितके पाळीन’ असे म्हणायला काय हरकत आहे. गांधीजींनी या पत्रांतच त्या शब्दयोजनेला ठाम नकार दिला. ज्याने ‘शक्यतो’ म्हटले त्याने पहिल्याच मोहाला दार उघडे ठेवले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता; मात्र व्रत घेणे म्हणजे ते पाळण्याची शक्ती आपल्यात आली आहे असा दावा नव्हे, तर त्या दिशेने प्रामाणिकपणे आणि अखंड प्रयत्न करण्याचा तो निश्चय होय, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगत. या दोन विधानांत वरवर विसंगती दिसते. माप कमी करायचे नाही, आणि माप गाठल्याचा आवही आणायचा नाही, अशा या दुहेरी अटीमुळे माणूस कायमचा अपूर्ण अवस्थेत राहतो. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तेरा सद्गुणांची यादी करून रोजच्या चुकांच्या खुणा वहीत मांडल्या होत्या, आणि पूर्णता साधली नाही तरी प्रयत्नाने आपण अधिक चांगले आणि सुखी झालो, असे समाधान त्याने आत्मचरित्रात व्यक्त केले. ही आत्मसुधारणेची आधुनिक रीत आजही लोकप्रिय आहे. पण फ्रँकलिनच्या यादीतली उद्योगशीलता, काटकसर, नीटनेटकेपणा यांचा व्यवहारात लगेच फायदा होतो. सेवाग्रामच्या अकरा व्रतांपैकी एकही संसारातल्या यशाला उपयोगी नाही, आणि अपरिग्रह तर यशाच्या थेट आड येतो. ज्या प्रयत्नाचा मोबदला दिसत नाही तो चालू ठेवायचा तर आधार दुसरीकडूनच आणावा लागतो.

त्या आधाराचे परंपरागत नाव श्रद्धा. मात्र हा शब्द आपल्याकडे इतका सैल झाला आहे की त्याचा अर्थ आवळून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सगळे ठीक होईल असा विश्वास म्हणजे श्रद्धा, हा अर्थ नवसाच्या जवळचा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जो प्रश्न विचारतो त्यात वेगळा अर्थ दडलेला आहे: ज्याच्याजवळ श्रद्धा आहे पण ज्याचा प्रयत्न अपुरा पडला आणि मन मार्गावरून ढळले, अशा माणसाचे काय होते, तो इहलोक आणि परलोक या दोन्हींकडून तुटून पडत नाही का? कृष्णाचे उत्तर असे की चांगले करणाऱ्याची दुर्गती होत नाही आणि जिथे प्रयत्न थांबला तिथूनच तो पुढे चालू होतो. पुनर्जन्माची कल्पना बाजूला ठेवली तरी या उत्तराचे मर्म कायम राहते, कारण प्रश्न यशाचा नव्हता, फसलेल्या प्रयत्नाच्या किमतीचा होता. उंच माप समोर ठेवणाऱ्या माणसाला पळण्याच्या दोन वाटा असतात. एकतर तो माप खाली आणून स्वतःला उत्तीर्ण ठरवतो, किंवा स्वतःला कायमचा नापास ठरवून प्रयत्नच सोडून देतो. श्रद्धा म्हणजे या दोन्ही वाटा बंद ठेवणारी वृत्ती, आणि सेवाग्रामात तिला पहाटेच्या व सायंकाळच्या प्रार्थनेचे नियमित रूप होते. सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाची, म्हणजे सुखदुःखात बुद्धी न डळमळणाऱ्या माणसाची लक्षणे रोज म्हटली जात, आणि म्हणणाऱ्यांपैकी कोणीही स्थितप्रज्ञ नाही हे प्रत्येकाला ठाऊक असे. आदर्श रोज उच्चारणे आणि आपण त्याच्या अलीकडे आहोत हे रोज कबूल करणे, ही एकाच कृतीची दोन अंगे होती.

या मापाचा खरा ताण 1939 मध्ये आला. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. सत्याग्रही म्हणून येरवड्यात कैदेत असताना गांधीजींशी त्यांचा संबंध आलेला. त्यांना महारोग झाला होता, आणि सर्वत्र नाकारले गेल्यावर ते सेवाग्रामात येऊन उभे राहिले. आज औषधाने पूर्ण बरा होणारा हा रोग त्या काळी असाध्य मानला जाई. परिणामकारक औषध हिंदुस्थानात पोहोचायला अद्याप काही वर्षे लागणार होती, आणि रोग्याला गावाबाहेर घालवणे हीच रूढी होती. गांधीजींनी त्यांना तत्काळ ठेवून घेतले असे सांगण्याचा मोह चरित्रकारांना होतो, पण त्यांची चलबिचल झाली होती हीच या प्रसंगातली मोलाची गोष्ट आहे. आश्रमात लहान मुले होती, दुर्बळ आणि आजारी माणसे होती, आणि त्या सर्वांच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार एकट्याला नाही, हा विचार भ्याडपणाचा म्हणता येत नाही. शेवटी आश्रमवासीयांना विश्वासात घेऊन शास्त्रीबुवांना राहू देण्याचे ठरले, आश्रमाच्या आवारात त्यांच्यासाठी कुटी उभारली गेली, आणि गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांना मालिश करू लागले. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामला जाणाऱ्यांना पाहता येते.

अस्पृश्यतानिवारणाचे व्रत मुळात जातीच्या अस्पृश्यतेविरुद्ध होते. महारोग्याच्या येण्याने त्याच व्रताचा असा अर्थ पुढे आला की जो ते घेताना कोणाच्या मनात नसावा, आणि व्रताचे वैशिष्ट्य इथे उघड होते: नियमाला त्याच्या शब्दांपुरतेच बांधून घेता येते, व्रत मात्र माणसाकडून नव्या परिस्थितीत नवी मागणी करते. परचुरेशास्त्री येण्याच्या तीन वर्षे आधी, 1936 मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोगी सेवा समितीचे काम सुरू केले होते, आणि परचुरेशास्त्रींचे शेवटचे दिवसही दत्तपूरलाच गेले. गांधीजींच्या मालिशीचे छायाचित्र जगभर गेले; दिवाणांची दशकानुदशके चाललेली रोजची मलमपट्टी तितकी कोणाच्या डोळ्यांसमोर आली नाही, आणि व्रताच्या दृष्टीने पाहता तीच अधिक कठीण होती.

निर्भयतेच्या व्रताची अशीच कसोटी हिंगणघाटला 1914 मध्ये जन्मलेल्या मुरलीधर देवीदास आमटे यांच्या, म्हणजे बाबा आमट्यांच्या आयुष्यात दिसते. रेल्वेत एका स्त्रीला गोऱ्या सैनिकांच्या छळापासून वाचवल्याबद्दल गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते, आणि हाच अभयसाधक पुढे पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून घाबरून घरी पळाला. बाबांनी ही भीती लपवली नाही. पुढे कित्येक महिने ती त्यांना छळत राहिली, आणि त्यातूनच वरोऱ्याचे आनंदवन जन्माला आले. पराक्रमाच्या प्रसंगी दाखवलेले धैर्य आणि किळस व संसर्ग यांच्यासमोर टिकणारे धैर्य ही दोन वेगळी बळे आहेत, हे त्या पळण्यामुळे कळले, आणि आपले माप कुठे तोकडे पडते हे कळल्याखेरीज ते वाढवता येत नाही.

जमनालाल बजाज यांची गोष्ट याहून कमी नाट्यमय आणि म्हणूनच सामान्य माणसाच्या अधिक जवळची आहे. शेठ बच्छराजांच्या घरात दत्तक गेलेल्या या मुलाने 1907 मध्ये, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, एका समारंभाला दागिने घालून जाण्यावरून आजोबा रागावले तेव्हा सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून घर सोडले होते. समजूत घातली गेली, ते परत आले, वारस झाले, व्यापार वाढवला, आणि मग पुढचे सबंध आयुष्य त्या पत्राचा अर्थ शोधण्यात गेले असे म्हणायला जागा आहे. ब्रिटिश सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी त्यांनी परत केली, वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर 1928 मध्ये अस्पृश्यांना खुले केले, आणि विनोबा व गांधीजी या दोघांनाही वर्ध्यात आणण्यात मुख्य हात त्यांचाच होता. इतके सगळे करूनही त्यांचे मन स्वस्थ नव्हते. त्यांच्या पत्रांत आणि रोजनिशीत मनाची अशांतता आणि स्वतःच्या दुर्बलतेची कबुली पुन्हा पुन्हा येते. 1941 मध्ये शांतीच्या शोधात ते डेहराडूनकडे आनंदमयी माँ यांच्याजवळही जाऊन राहिले. परत आल्यावर त्यांनी इतर बहुतेक कामांतून अंग काढून घेऊन गोसेवेचे काम हाती घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडीवजा घरात राहू लागले. 11 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांचे अकस्मात निधन झाले. शांती पूर्ण मिळाली की नाही हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पण माप उंचावत नेणाऱ्या माणसाला बाहेरची प्रत्येक सिद्धी आतल्या उणिवेची जाणीव अधिक तीव्र करून देते, आणि तरी तो व्रतापासून मागे फिरत नाही, याचे इतके प्रामाणिक चित्र एखाद्या संन्याशाच्या चरित्रात मिळणे अवघड आहे.

बाहेरचे करणे आणि आतले होणे यांतल्या या दरीचा विचार विनोबांनी सर्वांत बारकाईने केला. जमनालालजींच्या विनंतीवरून ते एप्रिल 1921 मध्ये वर्ध्याचा आश्रम चालवायला आले होते, आणि 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी जी गीता-प्रवचने दिली ती साने गुरुजींनी उतरून घेतल्यामुळे मराठीला लाभली. तिथे त्यांनी गीतेच्या चौथ्या अध्यायातील ‘विकर्म’ या शब्दाला निषिद्ध कर्म हा रूढ अर्थ न देता विशेष कर्म असा अर्थ दिला: कर्म म्हणजे हातून होणारी बाह्य क्रिया, विकर्म म्हणजे त्या क्रियेच्या जोडीने मनात चालणारे शुद्धीचे काम, आणि दोन्ही एकजीव झाली की जे उरते ते अकर्म, म्हणजे कर्म करूनही त्याचा भार न जाणवणे. हा अर्थ मूळ श्लोकाला कितपत धरून आहे याबद्दल जुन्या भाष्यकारांच्या बाजूने शंका घेता येईल. पण तत्त्व म्हणून त्याची उपयुक्तता मोठी आहे. जो केवळ बाह्य नेम कडक करत जातो तो थकतो किंवा कोरडा होतो, आणि जो केवळ मनातल्या मनात उदात्त होत राहतो त्याची उदात्तता जगाच्या पहिल्याच धक्क्याला उघडी पडते. वर्ध्याजवळच्या नालवाडीत असताना विनोबांनी तकलीवर सूत कातून मिळेल तेवढ्या मजुरीतच उदरनिर्वाह करून पाहिला. कातणाऱ्याला ठाऊक असते की सूत तुटतेच. कौशल्य ते न तुटण्यात थोडे आणि तुटलेले टोक चटकन सांधून पुढे कातण्यात जास्त असते, आणि व्रताच्या बाबतीतही विनोबांची दृष्टी याहून फारशी वेगळी नव्हती.

या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो वर्धा जिल्ह्यातच सर्वांत जोराने घेतला पाहिजे. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ यांच्याबरोबर वर्धाही होता. कोरडवाहू कापूस, बेभरवशाचा पाऊस, सावकाराचे व्याज आणि पडता भाव यांनी घेरलेल्या माणसाला अपरिग्रह आणि श्रद्धा यांचे पाठ देणे म्हणजे थट्टाच नव्हे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग स्वीकारायलाच हवा. व्रत हे निवडलेले असते. ज्याच्यापुढे निवडच नाही त्याची उपासमार म्हणजे अस्वाद नव्हे, आणि त्याचे रिकामे घर म्हणजे अपरिग्रह नव्हे. एकादश व्रते दुसऱ्याचे मोजमाप करण्यासाठी वापरली की ती क्रौर्याची हत्यारे बनतात, आणि आश्रमांच्या इतिहासात तसे कधी घडलेच नाही असे मानणे भोळेपणाचे ठरेल. चुकणाऱ्यांसाठी गांधीजी स्वतः उपास करीत, तेव्हा त्या प्रेमाचा दाब चुकणाऱ्यावर किती पडत असेल याची कल्पना करता येते. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे, कारण अस्तेय आणि अपरिग्रह यांचा रोख मुळात देणेकऱ्याकडे नसून घेणेकऱ्याकडे आहे. गरजेहून अधिक ठेवणे ही चोरी, असा अस्तेयाचा जो अर्थ ‘मंगल प्रभात’मध्ये लावला आहे, तो व्यापारी, सावकार आणि जमीनदार यांना उद्देशून वाचला की ते व्रत एकाएकी भलतेच अडचणीचे होते.

विनोबांनी तो तसाच वाचला. 1951 च्या मार्चमध्ये वर्ध्याजवळच्या पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला ते पायी निघाले, आणि 18 एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी मिळालेल्या शंभर एकरांपासून भूदानाला आरंभ झाला. 1957 पर्यंत पाच कोटी एकर हे लक्ष्य त्यांनी जाहीर केले. प्रत्यक्षात मिळाले ते चाळीस लाखांहून थोडे अधिक, आणि त्यातलीही बरीच जमीन नापीक किंवा कोर्टकज्ज्यांत अडकलेली निघाली. हिशेबाने हे अपयशच, आणि त्याला दुसरे नाव देण्याची गरज नाही. मात्र लक्ष्य चुकल्यावर विनोबांनी ते मागाहून खाली आणले नाही आणि पदयात्राही थांबवली नाही. 1970 मध्ये पवनारला परतेपर्यंत ते या कामातच राहिले. त्यानंतर त्यांनी क्षेत्रसंन्यास, म्हणजे एका जागेबाहेर न जाण्याचा नेम स्वीकारला, आणि आणीबाणीच्या आगेमागे त्यांचे वर्षभराचे मौन आणि आणीबाणीला उद्देशून ‘अनुशासन पर्व’, म्हणजे शिस्तीचा काळ, हे त्यांचे दोन शब्द यांनी अनेक सहकाऱ्यांना दुखावले. आतल्या शुद्धीवर नजर खिळलेल्या माणसाकडून बाहेरच्या अन्यायाची दखल उशिरा घेतली जाते, हा व्रतनिष्ठ जीवनाचा जुना धोका आहे, आणि विनोबांसारख्यालाही तो टळला नाही असे मत मांडणे अवाजवी ठरू नये.

त्यांच्या कामातील टिकून राहिलेला भाग वेगळ्याच ठिकाणी आहे. पवनारला धाम नदीच्या काठी 25 मार्च 1959 रोजी विनोबांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, आणि तिथे व्रताचा कर्ता बदलला. आजवरची अध्यात्मसाधना एकट्या व्यक्तीची होती आणि यापुढची सामूहिक असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. भगिनींनी शेती, स्वयंपाक, छपाई, सफाई ही सर्व कामे स्वतः करायची, कोणी प्रमुख नाही, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घ्यायचा. या शेवटच्या नियमाचा परिणाम विलक्षण आहे, कारण सर्वांत उंच माप असलेल्या सदस्येलाही इतरांना ओढून नेता येत नाही आणि सर्वांत संथ सदस्येला मागे टाकता येत नाही. तिला पटेपर्यंत सर्वांना थांबावे लागते. संस्थापकाने 15 नोव्हेंबर 1982 रोजी, अखेरच्या आजारात अन्नपाणी आणि औषध सोडून, याच जागी देह ठेवला. त्यानंतरही ही पद्धत भगिनींनी चालू ठेवली.